सह्या आधी, ठराव मागून

—नाही नाही, त्या गठ्ठ्यावर नका बसू सर, सातवीची पुस्तकं आहेत, पाठ मोडते त्यांची. इकडे या, ह्या पेटीवर बसा. पंखा नाही, लाईट कालच तोडली. सप्टेंबर संपत आला तरी पत्रा तापतोच. तुम्ही नांदेडहून निघालात म्हणजे लोहा, अहमदपूर, लातूर करत आलात, निम्मा दिवस गेला असेल. पाणी घ्या. माठातलं आहे, चांगलं आहे. हां, बोला आता. दारात काय म्हणालात — मनोगत? भाऊंच्या गौरविकेसाठी दोन पानांचं मनोगत? आणि भाऊंनी स्वतः सांगितलं तुम्हाला, की मालविकाचं मनोगत पहिल्या पानावर पाहिजे? पहिल्या पानावर! — नाही, तुम्हाला हसत नाही. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या ओट्यावर उभं राहून मी काय काय बोलले ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं, वहिनींनी आतून दार लोटून घेतलं, आणि तरी त्यांनी तुम्हाला माझ्याकडेच पाठवलं. याला म्हणतात माणूस ओळखणं. त्यांची खात्री आहे, मी लिहून देईन. मी आजवर त्यांना कधी नाही म्हटलेलंच नाही ना.

काढा वही. मी हातानं गठ्ठे बांधत राहते, तुम्ही लिहा, मला दुपारपर्यंत हे शेड रिकामं करायचंय. रामकिशनकाका येतीलच पत्रे उतरवायला. लिहा — वसंतराव, आडनाव तुमच्याकडे असेलच, आमच्यासाठी नुसते भाऊ. जन्म जुन्या गावातला, तेरणेच्या काठी. आता तिथं बाभळी आहेत आणि दगडांचे ढीग. त्र्याण्णव साली भाऊ लातूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, गणपती बुडवायला गावी आलेले. अनंत चतुर्दशी झाली आणि पहाटे जमीन हलली. आमच्या गावातली दोनशे बारा माणसं गेली. भाऊंचे वडीलही गेले. चोवीस वर्षांचा पोरगा, बापाला चादरीत गुंडाळून ठेवलं आणि दुसऱ्याच्या दारातली माती उपसायला गेला — हे खरं आहे सर, हे मोठ्या अक्षरात छापा. मदतीच्या गाड्या यायला लागल्या तेव्हा कोणाला तीन घोंगड्या, कोणाला एकही नाही, असली झोंबाझोंबी चालली होती. भाऊंनी शाळेच्या हजेरीपटावर घरवार यादी केली आणि रांग लावली. मयतांची यादी तहसीलला त्यांनीच लिहून दिली. ती यादी त्यांना पाठ आहे. दर तीस सप्टेंबरला स्मृतिस्तंभासमोर उभे राहतात आणि दोनशे बारा नावं कागद न बघता म्हणतात. एकही चुकत नाही, मधेच आवाज जातो, थांबतात, पुन्हा म्हणतात. नाटक नाही ते. मी कितीही चिडलेली असले तरी ते नाटक आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या वडिलांचं नाव मी पहिल्यांदा असं मोठ्यानं त्यांच्याच तोंडून ऐकलं — ‘अंबरीश गुरुजी, त्यांच्या पत्नी सौदामिनीबाई’. मी रेणापूरला मामाकडे वाढले, तिथं पोर रडते म्हणून कोणी ती नावंच काढत नसत. आणि इथं हा माणूस भर उन्हात माईकवर ती नावं घेत होता. सहा वर्षांची होते मी. मला वाटलं, माझे आईबाप या माणसाकडे ठेवलेले आहेत.

पुढचं? पुढचं सोपं आहे. पंच्याण्णवला सरपंच. नवं गाव वसलं ते त्यांच्याच काळात, पाण्याची टाकी, शाळेच्या आठ खोल्या. दोन हजारला सरपंचपद बाईसाठी सुटलं, मग वहिनी सरपंच — खुर्ची वहिनींची, शिक्का भाऊंच्या खिशात. हे नका लिहू. किंवा लिहा, सगळ्यांना माहीत आहे, वहिनी स्वतःच सांगतात हसून. दोन हजार दोनला पंचायत समिती. सातला जिल्हा परिषदेला पडले, साडेतीनशे मतांनी. आणि यंदा फेब्रुवारीत निवडून आले, आले ते थेट शिक्षण सभापती झाले. जळकोटच्या सभापतींची गौरविका तुम्हीच केलीत ना? त्यात होतं तसंच — ‘झंझावात’, ‘तळागाळातला’, ‘आधारवड’ — टाका जे टाकायचं ते.

आता तुम्हाला हवी ती गोष्ट. तुम्ही मघापासून घड्याळ बघून राहिलात, मला कळतंय. मालविकाला ढिगाऱ्यातून कसं काढलं. ती तर तुम्हालाही पाठ असेल. भाऊ मातीत हात घालून उभे, आतून एका पोरीचा बारीक आवाज, भाऊ म्हणतात ‘घाबरू नको बाळ, गणपतीची आरती म्हण’, चार वर्षांची पोर आतून आरती म्हणते, भाऊ आवाजाच्या रोखानं माती उपसत जातात, पाच तासांनी पोर बाहेर. दर वर्षी तीस तारखेला मला स्टेजवर बोलवायचे, डोक्यावर हात ठेवायचे आणि एवढंच म्हणायचे — ‘ही माझी कमाई.’ बायका पदर डोळ्याला लावायच्या. मला नवा ड्रेस मिळायचा. फोटोसुद्धा आहे, तुमच्या फायलीत असेलच, भाऊंच्या कडेवर मी, दोघंही पिठात घोळल्यासारखे पांढरे. — हाच. बघा. फोटो खरा आहे. त्यात खोटं काही नाही. पण कडेवर घेणं आणि बाहेर काढणं यात फरक असतो की नाही सर? बाळंतपण सुईणीनं करायचं आणि ज्यानं बाळाला पहिल्यांदा दारात आणून दाखवलं त्यानं म्हणायचं, मी जन्म दिला.

मला रामकिशनकाकांनी काढलं.

हां, हेच ते रामकिशनकाका, पत्रे उतरवायला येणार आहेत ते. बौद्धवस्तीतले. मजुरी करतात. जुन्या गावात वस्तीतली घरं तुराट्यांच्या कुडाची, वर पालापाचोळा, हलली आणि झुकली, माणसं सरपटत बाहेर आली. आणि गावात सगळी माळवदं, दगडमातीची, डोक्यावर दोन-दोन फूट मातीचं ओझं. ज्यांची घरं भक्कम तेच मेले. वस्तीतली माणसं पळत गावात आली आणि ज्या ओसऱ्यांवर त्यांना कधी चढू दिलं नव्हतं त्यांच्या तुळया त्यांनी खांद्यावर घेतल्या. माझे वडील शाळेत गुरुजी, पाटलाच्या माळवदात भाड्यानं राहायचे. रामकिशनकाका त्यांच्याकडे कधीतरी दाखल्यासाठी यायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलायचे, एवढीच ओळख. तेवढ्या ओळखीवर त्यांनी पाच तास उकरलं. मी सापडले तेव्हा ते छातीपर्यंत खड्ड्यात होते, वर जो उभा होता त्याच्या हातात मला दिलं आणि पुन्हा खाली वाकले, कारण माझ्या आईचा हात दिसत होता. वर भाऊ उभे होते. पेपरचा फोटोवाला तेवढ्यात आला. झालं. — नाही, आई नाही निघाली. म्हणजे निघाली, पण गेलेली.

मला हे कळलं ते निवडणुकीनंतर, एवढ्यात. तोवर मी जे बोलले ते भाबडेपणानं बोलले. असं लिहिलंत तरी चालेल — ‘भाबडेपणानं’.

कसं कळलं? ती मजाच आहे. धम्मप्रिया म्हणजे रामकिशनकाकांची मुलगी, लातूरला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. तेव्हाचं लातूर तुम्हाला माहीत आहे, आजही तेच, गल्लीगल्लीत क्लास, एकेका खोलीत चार-चार कॉट, भिंतींवर फळ्यांऐवजी पोरांचे फोटो आणि फोटोंखाली मार्क. सकाळी पाचला सायकली निघायच्या त्या क्लासला, कॉलेजात नुसती हजेरी. धम्मप्रियाला बारावीला बायोलॉजीचा क्लास मधेच सोडावा लागला होता. तिथले सर म्हणाले, ‘बेटा, जागा अडवू नको.’ तिला मार्क पडले माझ्यापेक्षा जास्त, पण डॉक्टर होण्याइतके नाहीत. आम्ही रात्रंदिवस त्यावरच बोलायचो — की गावात एक खोली पाहिजे, नुसती खोली, दिवे आणि पुस्तकं, जिथं कोणी म्हणणार नाही जागा अडवू नको. तर त्या दिवाळीत मी तिच्या घरी राहायला आले, आणि सकाळी शेळी अडली होती. पिल्लू आडवं. काका गुडघ्यावर बसून हात आत घालून तिला सोडवत होते आणि तिच्याशी बोलत होते — ‘हाय, हाय, मी हितंच हाय, जात न्हाई. भिऊ नको माय. मी हितंच हाय.’ — आणि सर, माझ्या हातातली कपबशी पडली. तो आवाज मला माहीत होता. भाऊंनी स्टेजवर पंधरा वर्षं ऐकवलेला आवाज नव्हे, त्याच्या खालचा, अंधारातला. मी तिथंच उभी राहिले. पिल्लू निघालं, काका हात धुवायला उठले, मी विचारलं, काका, मी आत असताना तुम्ही मला काय म्हणायला लावलं होतं? धम्मप्रियाची आई, कोंडाकाकू, चुलीपाशी होत्या, त्यांनी फुंकणी खाली ठेवली. काका म्हणाले, ‘पाढं. गुरुजीची पोर, दुसरं काय म्हनाया लावावं? बे एकं बे करत तू वीसपावतर यायचीस अन् गप व्हायचीस. मी म्हनायचो, पुन्यांदा म्हन. मला कुठं ठाव, बरोबर म्हनून राहिली का चूक. आवाज चालू राहायला पाहिजे, बस.’ मग मी चिडले, मी चिडतेच लगेच, म्हटलं इतकी वर्षं तुम्ही खाली बसून ऐकता ना त्या माणसाचं भाषण, बोलत का नाही? तर म्हणाले, ‘तुजी माय न्हाई काढता आली. मंग नाव कशाचं सांगू?’

नंतर मी भाऊंना विचारलं. सहज, चहा पिताना, भाऊ, मी आतून नक्की काय म्हणत होते हो? ‘आरती,’ भाऊ म्हणाले, ‘सुखकर्ता दुखहर्ता, आजही कानात आहे.’ डोळे भरून आले त्यांचे. कमाल ही आहे सर, की त्यांना ते खरंच ऐकू येत होतं.

काय? — कुठली दिवाळी?

...तुम्ही लिहिता कमी आणि ऐकता जास्त. दोन हजार आठची. हो. निवडणुकीच्या तीन वर्षं आधीची. असू दे. लिहा, नाहीतर नका लिहू. मला माहीत होतं. माहीत असून मी फेब्रुवारीत चौदा सभांमध्ये उभी राहिले आणि म्हणाले, ‘या हातांनी मला मातीतून काढलं, हे हात तुम्हालाही सोडणार नाहीत.’ ते वाक्य माझंच. भाऊंनी नाही सांगितलं, मीच रात्री बसून लिहिलं, आरशासमोर म्हणून पाहिलं. बायका रडल्या. नऊशे मतांनी आले भाऊ, आणि मागच्या वेळी साडेतीनशेनं पडले होते, करा हिशेब.

का म्हणजे? ह्यासाठी! हे जे बांधून राहिले त्यासाठी. हे शेड भूकंपानंतरचं, काकांचं कुटुंब यात तीन वर्षं राहिलं, नवं घर मिळालं तेव्हा त्यांनी पत्रे विकले नाहीत, आम्हाला दिले. बारा गुंठे जागा गावानं सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली, तिच्या कोपऱ्यात आम्ही हे उभं केलं. एकतीस पोरं-पोरी येतात. यायची. भाऊ म्हणाले, ‘मालू, मला एकदा निवडून येऊ दे, त्या बारा गुंठ्यांवर तुला पक्की अभ्यासिका बांधून देतो, दोन मजली.’ आणि मी हिशेब केला. एका म्हाताऱ्या माणसाचं नाव, जे तो स्वतःच घेत नाही, आणि समोर एकतीस पोरं. मी काकांना विचारलंही होतं. सभेत असं म्हणू का? ते खुरपं घासत होते. ‘म्हन की. माजं काय जातंय.’ झालं, मी ती परवानगी समजले. चांगल्या कामासाठी खोटं बोलायला माणसाला लई कमी परवानगी लागते सर. धम्मप्रियाला नाही विचारलं. ती चौथ्या सभेला मागे उभी होती, मला दिसली. रात्री खोलीवर आली आणि एवढंच म्हणाली, ‘तू माझ्या बापाला परत ढिगाऱ्यात घातलंस.’ दुसऱ्या दिवशी बॅग भरून गेली. नांदेडला असते आता, तुमच्याच गावात, वकिली शिकते. फोन उचलत नाही. तुम्हाला कधी भेटली तर... नाही. कशाला भेटेल.

बरं, इथपर्यंत मी स्वतःला समजावत होते, की किंमत मोजली, पण वस्तू तर मिळणार. आता मेहेरबानी करून हे नीट ऐका. पंधरा ऑगस्टची ग्रामसभा. त्यात अभ्यासिकेचा ठराव घ्यायचा ठरलं. आमच्याकडे पद्धत काय आहे, तुमच्या खेड्यांतही असेल — सभेला शंभर डोकी लागतात, येतात तीस. झेंडावंदन झालं की लोक जिलेबी घेऊन घरी. मग ग्रामसेवक सभेची वही घेऊन बसतो, कोऱ्या पानांखाली सह्या आधी घेतो, आणि वर ठराव मागून लिहितो, सावकाश, घरी बसून. वर्षानुवर्षं असंच चालतं, कोणाला त्यात वावगं वाटत नाही, रस्त्याचा ठराव असो नाहीतर गटाराचा. त्या दिवशीही तीसच आले. भाऊ म्हणाले, ‘मालू, सभा तहकूब करावी लागेल, मग पुढचे दोन महिने काही होणार नाही.’ मला घाई! मला सगळंच कालच झालेलं पाहिजे असतं. मी म्हटलं, द्या ती वही. आणि मी, एम.ए. पॉलिटिकल सायन्स, पंचायत राज कायद्यावर पेपर लिहिलेली बाई, वही काखेत मारून दारोदार हिंडले. ‘अभ्यासिकेसाठी आहे मावशी, सही करा. अंगठा द्या आजोबा.’ शंभर सह्या मी एका दुपारी गोळा केल्या. लोकांनी वाचायला मागितलंच नाही, मागून तरी काय, पान कोरंच होतं. शाईचा पॅड माझ्या हातात. पहिला अंगठा रामकिशनकाकांचा. मीच त्यांचं बोट धरलं. ते म्हणाले, ‘कुठं लावू, हितं?’ मी म्हटलं, हितं.

मागच्या आठवड्यात लातूरच्या एका क्लासवाल्यांची गाडी आली, चुन्यानं फक्की मारून गेले. निवासी क्लास होणार म्हणे इथं, आठवी ते बारावी, बाहेरगावची चारशे पोरं. मी धावत ग्रामपंचायतीत गेले, नक्कल मागितली. ही बघा. तुम्ही वाचा — नको, मीच वाचते, मला आता पाठ झालाय. ‘ठराव क्रमांक सात. सार्वजनिक प्रयोजनासाठी राखीव बारा गुंठे जागा शैक्षणिक प्रयोजनार्थ सदर संस्थेस तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात यावी व त्यावरील तात्पुरते पत्र्याचे बांधकाम हटविण्यात यावे. सूचक, कुमारी मालविका अंबरीश. अनुमोदक, रामकिशन, निशाणी अंगठा. ठराव सर्वानुमते मंजूर.’ सर्वानुमते! खाली शंभर सह्या. सगळ्या खऱ्या.

तेव्हा गेले मी त्यांच्या ओट्यावर. काय काय म्हणाले ते सोडा. भाऊ शांत बसून होते, सुपारी कातरत. माझं झाल्यावर म्हणाले, ‘अभ्यासिका काय अन् क्लास काय, शिक्षणच ना मालू? गावातली पाच पोरं फुकट घेतो म्हणालेत ते.’ मी म्हटलं, तुम्ही मला फसवलंत. तर माझ्याकडे बघितलं, रागानं नाही हो, मायेनंच बघितलं, तेच तर सहन होत नाही, आणि म्हणाले, ‘तुला पाढ्यांचं ठाऊक हाय, ते मला ठाऊक हाय. रामकिशननंच सांगितलं मला, तू विचारलंस त्याच वर्षी. म्हणाला, भाऊ, पोरीला समजलंय, तुमी लाजू नका. तरी तू स्टेजवर बोललीस. मी काय समजायचं? मी समजलो, तुझं-माझं जमतं.’

तुझं-माझं जमतं!

बघा ना. पंधरा वर्षं मी ज्यांच्याकडे माझे आईबाप ठेवले होते... जाऊ दे. पेन का बंद केलंत? अजून राहिलंय. तुम्हाला मनोगत पाहिजे ना, मग मनोगताची गोष्ट ऐका. आता रविवारी तीस तारीख, स्मृतिस्तंभाचा कार्यक्रम आणि त्यालाच जोडून भाऊंचा सत्कार. मंगळवारी दोन ऑक्टोबर, ग्रामसभा. त्या सभेत मागच्या सभेचे ठराव मोठ्यानं वाचून कायम करतात. म्हणजे ‘अनुमोदक रामकिशन’ सगळ्या वस्तीसमोर वाचलं जाणार. वस्ती आत्ताच पेटलेली आहे, पोरांच्या अभ्यासाची एवढी एकच जागा होती, सगळे विचारून राहिलेत, आपल्यातल्या कोणी सही दिली का? आणि काका सगळ्यांना सांगत फिरतात, ‘आपला कोनी न्हाई. अन् गुरुजीच्या पोरीवर डोळं काढू नका, तिनं लई खटपट केली.’ माझी बाजू घेऊन भांडतात ते. त्यांना माहीतच नाही अंगठा कशावर आहे. आणि भाऊंनी मला ओट्यावरून उतरताना हळूच काय सांगितलं? — ‘वही अजून गावातच हाय मालू. एक ओळ बदलता येते. रामकिशनच्या जागी दुसरं कोणी अनुमोदक टाकू. तू रविवारी स्टेजवर ये, दोन पानं लिहून दे. म्हाताऱ्याची अब्रू राहील.’

आता सांगा. तुम्ही शिकलेले आहात. मी पुन्हा एकदा खोटं बोलले तर ज्या माणसाबद्दल खोटं बोलते त्याचीच अब्रू वाचते. आणि खरं बोलले, दोन तारखेला उभी राहून म्हणाले की ह्या सह्या मी कोऱ्या पानावर घेतल्यात, ठराव बोगस आहे — तर कदाचित जागा वाचेल. कदाचितच, तालुक्याला तक्रार, सुनावण्या, वर्ष जाईल. पण त्यांच्यासमोर मला सांगावं लागेल, काका, तुमचं बोट मी धरलं होतं. आठ दिवस मी हे गठ्ठे बांधते आणि सोडते. काल ते विचारायला आले, पत्रे कधी काढायचे, मी म्हटलं उद्या, आणि पुस्तकात तोंड घातलं. भाऊंना काय नावं ठेवू मी? भाऊंनी निदान त्या दिवशी बापाला सोडून माती तरी उपसली. मी तर...

घ्या, घ्या फोन. भाऊच असतील. — सांगा, बसलोय तिच्यासमोर. — काय विचारतात, दिलं का? सांगा, देतेय.

ठेवला? बरं. आणा ती वही इकडे. नाही, तुम्ही नका लिहू, मीच लिहिते, माझं अक्षर चांगलं आहे, गुरुजीची पोर. काय म्हणत होते ते, पहिल्या पानावर ना? तर पहिल्या पानावर... ‘मला ज्यांनी ढिगाऱ्यातून बाहेर काढलं ते’...

थांबा. सायकल वाजली.

या काका. हो, बांधून झालंय बहुतेक. हे नांदेडचे सर, भाऊंच्या पुस्तकासाठी आलेत. — नाही, पान्हा राहू द्या, पत्र्यांना हात नका लावू अजून. बसा. आधी बसा इथं, ह्या गठ्ठ्यावर बसा, मोडली पाठ तर मोडू दे.

सर, तुम्ही निघा आता. वही घेऊन जा तुमची. अर्धं वाक्य आहे त्यात, तेवढं दाखवा भाऊंना. लातूरची गाडी फाट्यावर दीडला असते, चालत दहा मिनिटं. — नाही, थांबू नका. हे तुमच्या समोर नाही करायचं मला.

काका, एक कागद वाचून दाखवायचाय तुम्हाला. पंधरा ऑगस्टचा आहे. शेवटपर्यंत मला बोलू द्या, मधे ‘असू दे’ म्हणायचं नाही. ‘ठराव क्रमांक सात...’